डोळ्यात उडालेलं दूध

१

धाकट्याला मारणाऱ्याला हत्यार शोधायला लांब जावं लागलं नव्हतं. ते तिथंच लटकत होतं. दूध काढायच्या मशीनचा स्टीलचा पंजा. त्याला चार नळकांडी आणि मागे लांब रबरी पाइप. पाइप धरून गरगर फिरवला की पंजा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. तो आधी धाकट्याच्या कानामागे बसला, मग कपाळावर, आणि तो पडल्यावरही बसत राहिला. शेवटचे घाव मेलेल्या माणसावर घातले होते, असं शवविच्छेदन करणारा डॉक्टर म्हणाला. म्हणताना त्याने ताईकडे बघायचं टाळलं.

ताई म्हणजे धाकट्याची थोरली बहीण. दोघंही जनावरांचे डॉक्टर. धाकटा गोठ्यागोठ्यांतून हिंडायचा, ताई सरकारी प्रयोगशाळेत बसून रोगांचे विषाणू तपासायची. तिच्या जिभेमुळे लोक मागून तिला विंचू म्हणत. समोरून म्हणायची कुणाची छाती नव्हती.

हा गोठा म्हणजे शेणाने सारवलेला चार दावणींचा गोठा नव्हे. शेकडो गाई, पत्र्याचं उंच छप्पर, आणि मधोमध फरशीचा एक लांब खड्डा. माणसं खड्ड्यात उभी राहतात, गाई दोन्ही बाजूंना वर. म्हणजे कास बरोबर माणसाच्या तोंडासमोर येते, वाकायची कटकट नाही. दुपारी, दोन दोहनांच्या मधल्या वेळात, तिथं कुत्रंही नसतं. त्याच वेळेत धाकटा त्या खड्ड्यात मेला. संध्याकाळी गाई आत सोडल्या तेव्हा पहिली गाय खड्ड्याच्या काठावर अडून बसली, काही केल्या पुढे सरकेना.

आणि खड्ड्यात लांब्या गुडघ्यावर बसलेला सापडला. हातात तोच पंजा, कोपरापर्यंत रक्त.

लांब्या तिथला धारवाला. आदल्याच दिवशी त्याचं आणि धाकट्याचं सगळ्यांदेखत वाजलं होतं. तिथल्या धारवाल्यांची जुनी सवय, मशीन लावण्याआधी पहिली धार हाताने काढायची आणि ती थेट तोंडात सोडायची. फुकटचा नाश्ता. धाकट्याने लांब्याला तसं पिताना पाहिलं आणि सणसणीत थोबाडीत दिली. लांब्या म्हणाला होता, उद्या बघतो तुला. एवढं पोलिसांना पुरलं.

ताई पोचली तेव्हा लांब्याला खांबाला बांधलं होतं आणि येणारा जाणारा हात साफ करून घेत होता. ताईनेही केला. आधी थोबाडीत, मग पायातल्या बुटाने बरगडीत. पोलिसांनी अडवलं नाही. मयताची बहीण मारतेय म्हटल्यावर बाकीच्यांना चेवच आला.

दमून ती भिंतीला टेकली आणि तिची नजर मोरीकडे गेली. मोरीच्या तोंडाशी एक मांजर मरून पडलं होतं, मान पाठीकडे ताणलेली, पाय काठीसारखे ताठ. त्याच्यामागे दुसरं. पाइपाच्या आड तिसरं, अजून झटके देत होतं.

बुटाने कुणी मारलेली मांजरं अशी मरत नाहीत.

२

त्याच दिवशी सकाळी धाकट्याचा फोन आला होता तो याचसाठी. पलीकडे वेगळ्या बांधलेल्या आजारी गाईंचं दूध चिकासारखं घट्ट आणि पिवळं येतंय, तो म्हणाला होता. ताप नाहीच म्हणायचा, खोकला तर अजिबात नाही, नुसती दुधं आटलीत. त्या गाईंना त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. धार तोच काढायचा आणि मोरीत ओतायचा. त्या मोरीला जीभ लावली मांजरांनी. दुपारी मी बाटल्या भरून आणतो ताई, तू तपास, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

त्या बाटल्यांचा आता चुरा झाला होता. दूध भिंतींवर, नळांवर, पार छपरापर्यंत उडालेलं.

ताईने मेलेलं मांजर पिशवीत घातलं, आजारी गाईंची धार स्वतः काढली, तोंडावर काच आणि नाकाला फडकं बांधून. प्रयोगशाळेत जे निघालं ते बघून तिथला तिचा सहकारी खुर्चीतून उठला. पक्ष्यांचा विषाणू होता. कोंबड्यांची खुराडीच्या खुराडी आडवी करणारा.

विषाणू म्हणजे घरफोड्या. त्याच्याकडे स्वतःचं काही नसतं. दुसऱ्याच्या पेशीचं कुलूप उघडायचं, आत घुसायचं, तिच्याच यंत्रावर स्वतःच्या हजारो प्रती काढायच्या आणि घर पेटवून निघून जायचं. पण त्याची किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. पक्ष्यांच्या विषाणूला माणसाचा घसा सहसा उघडत नाही, म्हणून आपण वाचतो. गाईच्या कासेत मात्र पक्ष्यांसारखी कुलपं खच्चून भरलेली. म्हणून गाय खोकत नाही, तिच्या दुधाचंच विष होतं.

आणि माणसाच्या अंगावर तसलं कुलूप बाहेरच्या बाजूला एकाच ठिकाणी असतं. डोळ्यात.

ताईने घटनास्थळाचे फोटो परत मागवले आणि टेबलावर पसरले. रक्त दुधाच्या वर पसरलं होतं, खाली नव्हे. बाटल्यांच्या काचा धाकट्याच्या अंगाखाली रुतल्या होत्या. म्हणजे आधी बाटल्या फुटल्या, मग माणूस.

ती इन्स्पेक्टरकडे गेली. इन्स्पेक्टर जाडा, घामट, जेवणाच्या वेळेला जपणारा. तिने विचारलं, थोबाडीत खाल्लेला माणूस सूड घ्यायला येतो तेव्हा आधी बाटल्या का फोडेल? त्याला दुधाशी काय घेणं?

"मॅडम, तुम्ही बहीण आहात, डोकं शांत ठेवा," तो म्हणाला. "पंजा त्याच्या हातात होता. तो म्हणतो, डॉक्टरच्या गळ्याला पाइप गुंडाळला होता तो सोडवत होतो. सगळे असंच म्हणतात. दोन दिवसांत कबुली निघेल."

मागच्या खोलीतून एक आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी बसल्यासारखा. मग पुन्हा. बाहेर पायरीवर लांब्याची बायको बसली होती. तिने ताईकडे बघितलं, ताईच्या बुटांकडे बघितलं आणि मान फिरवली.

कबुली निघेल तेव्हा माणूस शिल्लक नसेल, हे ताईला तिथं कळलं. मारणाऱ्यांना चेव आपणच आणला हेही कळलं.

३

ज्याला ते दूध तपासलेलं नको होतं त्याच्यापर्यंत जायचं होतं. रोग जाहीर झाला की गोठा बंद, टँकर बंद, दारावर पहारा. मग नुकसान कुणाचं? तीन माणसांचं.

मालक म्हातारा. गुडघे गेलेले, काठीवर चालायचा. दोन्ही डोळे लाल भडक, श्वासाला दारूचा वास. खड्ड्याच्या पायऱ्या उतरून वर्षं झाली, तो म्हणाला, आणि ते खोटं वाटत नव्हतं, खुर्चीतून उठायलाच त्याला दोन माणसं लागली. धाकट्याला तो पोरासारखा मानायचा, असं त्याने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायच्या आत ताई उठली.

जावई दुधाचा टँकर बघायचा. घरातही काळा चष्मा. काढ म्हटल्यावर त्याने काढला, आत दोन डोळे टोमॅटोसारखे. त्याने खुलासा केला की मेलेली मांजरं पुरताना चुना उडाला. तो बोलताना हात चोळत होता आणि दर दोन वाक्यांनी बायकोकडे बघत होता. ताईने विचारलं, त्या दुपारी कुठे होतास? टँकरबरोबर, तो म्हणाला. टँकर दुपारी निघत नाही हे ताईला माहीत होतं. जास्त खोदल्यावर त्याने मान खाली घालून सांगितलं की तो वरच्या खोलीत झोपला होता आणि सासऱ्याला कळलं तर घराबाहेर काढेल. असला माणूस. सगळ्या जगाला घाबरणारा.

तिसरी मालकाची लेक. चाळिशी उलटली तरी सगळे तिला बेबीच म्हणत. बेबी शेजारच्या कोंबड्यांच्या शेड सांभाळायची. दंड पुरुषासारखे. शेडमध्ये चालता चालता ती मरतुकडी कोंबडी उचलायची, मान पिळायची आणि टोपलीत टाकायची, बोलणं न थांबवता. ताईला बघून तिने हात पुसले आणि रडायला लागली. "तुमच्या भावासारखा माणूस नव्हता हो," ती म्हणाली. "परवापासून डोळ्याचं पाणी खळत नाही. बघा ना कसे झालेत."

ताईने बघितलं. मग विचारलं, त्या दिवशी तुम्ही गोठ्याकडे गेला होतात का?

बेबी हसली, रडता रडता. गोठ्याकडे ती जातच नाही, तिने सांगितलं. बाबांचा नियम होता. कोंबड्यांकडच्या माणसाने गोठ्यात पाऊल टाकायचं नाही आणि गोठ्यातल्याने इकडे यायचं नाही, रोग इकडचे तिकडे होतात म्हणून. हवं तर कुणालाही विचारा. घरी दूधसुद्धा तीनदा उकळल्याशिवाय ओठाला लावत नाही आम्ही, ती म्हणाली.

ताईने विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. बेबीताई गोठ्याकडे फिरकत नाहीत.

बाहेर येऊन ताई गाईंच्या खाद्याच्या ढिगाजवळ थांबली. मूठ भरून घेतली, बोटाने चिवडली. तळहातावर दिसलं ते वाळलेलं तूस, शेण नव्हे पण शेणासारखं काहीतरी, आणि पांढरी बारीक पिसं.

कोंबड्यांच्या शेडमधली घाण गाईंना खाऊ घालत होते हे लोक. खाद्याचा खर्च वाचवायला. माणसांना येण्याजाण्याची बंदी आणि पिसांना हमरस्ता. धाकट्याने हेच पाहिलं असणार.

आणि घराच्या वाटेला लागल्यावर तिच्या डोक्यात एकदम काहीतरी खटकलं. बेबीचा डावा डोळा सुजून बंद व्हायला आला होता. उजवा ठीक होता.

दुःखाने रडणारी माणसं एका डोळ्याने रडत नाहीत.

४

दुसऱ्या दिवशी ताई सरकारी कागद घेऊन आली. आता रोग जाहीर झाला होता, जनावरांच्या आसपासच्या प्रत्येक माणसाच्या नाकातला आणि डोळ्यातला नमुना देणं भाग होतं. मालक शिव्या देत बसला. जावई थरथरत बसला. बेबी हसत बसली. लांब्याचा नमुना घ्यायला ताई कोठडीत गेली. तो जमिनीवर पडला होता, हाताची बोटं वाकडी झालेली, तोंडाला रक्ताचा वास. तिने त्याची पापणी उचलली. डोळा स्वच्छ होता, लहान पोराच्या डोळ्यासारखा पांढरा. त्याने तिला ओळखलं आणि अंग चोरून घेतलं.

निकाल आला. मालक स्वच्छ, त्याची लाली दारूची. जावई स्वच्छ, चुन्याचीच लाली. लांब्या स्वच्छ, बाकीचे धारवाले स्वच्छ. बेबीच्या डाव्या डोळ्यात पक्ष्यांचा विषाणू.

ताई इन्स्पेक्टरला घेऊन शेडवर गेली. तिला वाटलं होतं बेबी कोसळेल. बेबीने लांब श्वास घेतला आणि भडाभडा सगळं ओकून टाकलं. हो, महिन्यापासून कोंबड्या मरत होत्या. हो, तिने लपवलं. मेलेल्या कोंबड्या ती स्वतः गाडायची, एकदा एका कोंबडीने मरता मरता पंख आपटले आणि घाण डोळ्यात गेली. हो, शेडमधलं तूस गाईंच्या खाद्यात जायचं, बाबांना माहीत नव्हतं, नवऱ्याला माहीत नव्हतं, सगळा दोष तिचा. करा अटक.

इन्स्पेक्टर खूश झाला. रोग लपवला म्हणून एक गुन्हा, आणि खुनाचा वेगळा. दोन प्रकरणं मिटली. कोंबड्या मारून होईपर्यंत बेबीला त्याने शेडवरच राहू दिलं. परतताना तो ताईला म्हणाला, "बाई सरळ आहे. चूक कबूल करते."

कोंबडीने डोळ्यात घाण उडवली हे अगदी पटण्यासारखं होतं. रोज शेकडो मरत्या कोंबड्या हाताळणाऱ्या बाईच्या डोळ्यात कोंबड्यांचा विषाणू, यात नवल काय? बेबीने लहान गुन्हा पुढे सरकवून मोठ्याच्या तोंडावर झाकण ठेवलं होतं, आणि ते झाकण घट्ट बसलं होतं.

ठाण्याच्या दारात शिपाई पळत आला. लांब्या उठत नव्हता. पाणी मारलं, चिमटे काढले, तरी डोळा उघडत नव्हता.

५

लांब्याला इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साकळलंय, वाचेल की नाही सांगता येत नाही. इन्स्पेक्टरने त्याच्या पलंगाला बेडी अडकवली. शुद्धीवर आला की सही घेऊ, तो म्हणाला. लांब्याची बायको पलंगाखाली बसली होती, कुणी उठवेल म्हणून पलंगाचा पाय धरून.

ताई प्रयोगशाळेत परतली आणि विषाणूची जनुकीय अक्षरं वाचायला बसली.

विषाणू घाईघाईने प्रती काढतो आणि घाईत चुका करतो. पक्ष्यांत राहतो तेव्हा त्याच्या चुका वेगळ्या. गाईच्या कासेत शिरला, गाईगाईंतून हिंडला की त्याला नव्या चुका चिकटतात, नव्या घरात राहून माणसाचं बोलणं बदलतं तशा. त्या चुका धुऊन जात नाहीत. त्या वाचल्या की तो कुठून आला हे कळतं. खोटं बोलायचं त्याला कारणच नसतं.

बेबीच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या तिने आधीच उचलल्या होत्या. त्यांच्यातला विषाणू शुद्ध कोंबड्यांचा. गाईंचा एकही डाग नाही. म्हणजे गाईंचा विषाणू परत कोंबड्यांत गेला नव्हता. धाकट्याने ज्यांची धार काढली त्या गाईंच्या दुधात मात्र तीन अक्षरं बदललेली.

बेबीच्या डोळ्यात तीच तीन अक्षरं.

ताई खुर्चीत मागे टेकली. कोंबड्यांकडून बेबीला हा विषाणू मिळूच शकत नव्हता. तो गाईचा होता. आणि गोठ्यात बेबी जात नाही, हे बेबीनेच सगळ्यांना सांगितलं होतं. घरी दूध तीनदा उकळतात, उकळल्यावर विषाणू मरतो, आणि दूध डोळ्याने कुणी पीत नाही. आजारी गाईंना धाकट्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. ते दूध मोरीत जायचं किंवा धाकट्याच्या बाटल्यांत. त्या बाटल्या फक्त एकदा उघड्यावर फुटल्या, खड्ड्यात, त्या दुपारी. फोडणाऱ्याच्या तोंडावर.

पुरावा नष्ट करायला गेली आणि पुरावा डोळ्यात घेऊन आली.

शेडवर ती इन्स्पेक्टरबरोबरच गेली, पण तो गाडीपाशी सिगारेट ओढत थांबला. आत बेबी कोंबड्या मारत होती. सरकारचा हुकूम होता, सगळ्या मारायच्या. ती एकटीच मारत होती, दोन्ही हातांनी. पायाखाली माना मुरगळलेल्या कोंबड्यांचा गालिचा, मागे चुन्याचा खड्डा उघडा, त्यातून वाफ येत होती. ताईने शांतपणे सांगितलं, अक्षरांचं, दुधाचं, उकळण्याचं. बेबीने हातातली कोंबडी पुरी केली आणि टाकली.

"त्यानेच बोलावलं मला खड्ड्यात," बेबी म्हणाली. "म्हणाला, बेबीताई, तुम्ही समजूतदार आहात, रोगाचं तुमच्याच तोंडाने सांगून टाका. मी पाया पडले त्याच्या. एक महिना थांब म्हटलं, एक महिना. तो म्हणाला, एका महिन्यात हा माणसांत शिरला तर? मी म्हटलं, शिरू दे."

"आणि मग?"

"मग बाटल्या फोडल्या. तेवढ्यावर थांबणार होते मी. पण तो हसला हो. म्हणाला, गाई अजून आहेत, दुसऱ्या भरतो."

पुढचं बोलणं झालं नाही. बेबीने ताईचे केस धरले आणि एका हिसड्यात तिला चुन्याच्या खड्ड्याच्या काठावर गुडघ्यावर आणलं. ताईच्या तोंडावरची काच निखळून खाली गेली आणि चुना फसफसला. ताईला गालावर आच लागली. ती ओरडली नाही, ओरडायला श्वासच नव्हता. तिने बेबीच्या मनगटाला दात लावले आणि हाड लागेपर्यंत सोडले नाहीत. बेबी किंचाळली ती त्या दुखण्याने. ते ऐकून इन्स्पेक्टर धावला. कोंबड्यांवरून घसरत, पडत, शिव्या देत, पण धावला. त्याने बेबीला पाठीमागून आवळलं तेव्हाही ती एका डोळ्याने ताईकडे बघत होती, दुसरा पू येऊन चिकटला होता.

"माझ्या बापाला सांगू नका," ती म्हणाली. एवढंच.

६

इस्पितळात इन्स्पेक्टरने स्वतः बेडी काढली. चावी फिरवताना तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. लांब्या शुद्धीवर आला होता. जगणार होता. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची गेली, डॉक्टर म्हणाले, त्या हाताने आता धार निघणार नाही.

ताई पलंगाशी उभी राहिली. गालावर चुन्याचा भाजलेला पट्टा, तोंडात अजून बेबीच्या रक्ताची चव. तिने लांब्याला सगळं सांगितलं. कोण, कसं, का. तू सुटलास, ती म्हणाली. आणि आदल्या दिवशी माझ्या भावाने तुला मारलं ते कच्च्या दुधामुळे. त्याला संशय होता. घाबरला होता तो तुझ्यासाठी.

"माहीत आहे मला," लांब्या म्हणाला. आवाज फाटका होता, शब्द सुजलेल्या ओठांतून कसेबसे येत होते. "त्याच संध्याकाळी आला होता माझ्याकडे. माफी मागितली. पाइप सोडवत होतो मी त्याच्या गळ्यातला. वाटलं, श्वास असेल."

ताईने मान हलवली. तिला पुढे बोलायचं होतं, बोटांबद्दल, त्याच्या कामाबद्दल, काहीतरी करू असं काहीतरी. जिभेवर आयुष्यभर बसलेला विंचू कुठे गेला कोण जाणे.

लांब्याने तिच्याकडे नीट बघितलं.

"डॉक्टरने मारलं ते मी जगावं म्हणून," तो म्हणाला. "तुम्ही कशासाठी मारलंत, ताई?"

पलंगाजवळ एक स्टूल होतं. ताईने न बघता ते ओढायला हात पुढे केला. लांब्याच्या बायकोने ते पायाने मागे सारलं.

"बसू नका," ती म्हणाली. "उभ्या राहून सांगा."